मतं खाणारी बाई

नातवाच्या बाप्तिस्म्याला आपण टेरी शॉनेसीला बोलावलंय, हे लिनोने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. चर्चमधून सगळी मंडळी घरी परतली, मागच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली टेबलं लागली, आणि तेवढ्यात पक्षाचा जिल्हाध्यक्ष निळ्या कागदात गुंडाळलेलं खेळणं घेऊन फाटकातून आत आला. ग्रासाच्या हातातली सुपाची पळी हातातच राहिली. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्या माणसाला तोंड कुठे लपवावं कळेना.

"याला कुणी बोलावलं?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"मी. ओळखीचा माणूस आहे. आनंदाचा प्रसंग आहे."

"लिनो, आज पोराचा दिवस आहे. त्यात तुझ्या बहिणीची निवडणूक आणलीस तर हे सूप मी तुझ्या डोक्यावर ओतेन. त्यातल्या चोरीस सॉसेजसकट."

गोदी कामगारांच्या युनियनचा अध्यक्ष होऊन लिनोला अकरा वर्षं झाली होती. भल्याभल्या मालकांना त्याने टेबलावर मूठ आपटून गप्प केलं होतं. पण घरातल्या बायकांसमोर त्याची मूठ कधी उघडायची आणि कधी मिटायची, हे त्यालाच कळत नसे. बेटनकोर्ट घराण्यातल्या पुरुषांची ही जुनीच व्यथा होती.

ओडिलिया मांडवाखाली बसली होती. छोटा तोमाश तिच्या मांडीवर झोपला होता. मघाशी चर्चमध्ये डोक्यावर पाणी पडल्यावर पोराने असा टाहो फोडला होता, की पाद्रीबाबाही दचकले. आणि धर्ममाता म्हणून त्याला धरून उभी असलेली ओडिलिया मोठ्याने हसली होती. "आवाज आहे पोराला. कामाचा आहे." आता ती त्याच्या ओठाला लागलेलं दूध बोटाने पुसत होती. तरुणपणी बंदरावरच्या कारखान्यात मासे कापता कापता त्या हाताची दोन बोटं कायमची आखडली होती. पुढे नगरपरिषदेत चार वेळा निवडून आली तरी हात तोच राहिला.

शॉनेसीला पाहून ती उठली नाही. नुसतं म्हणाली, "या, टेरी. तुम्ही बाळासाठी आला असाल तर बसा, जेवा. माझ्यासाठी आला असाल, तर आधी जेवा आणि मग बोला. उपाशी माणसाला नाही म्हणायला मला जड जातं."

मांडवाखाली हशा पिकला. शॉनेसीही हसला. लिनो तेवढा हसला नाही.

त्याला हसू येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुढच्या मंगळवारी पक्षाच्या उमेदवारीसाठी मतदान होतं. अमेरिकी संसदेतली, म्हणजे काँग्रेसमधली ही जागा अठ्ठावीस वर्षांनी रिकामी झाली होती, आणि या भागात पक्षाचं तिकीट मिळालं की नोव्हेंबरची खरी निवडणूक म्हणजे नुसता उपचार. म्हणून तिकिटासाठी सात जण उभे राहिले होते. निम्मी मतं मिळवायची अट नव्हती. सातांत ज्याला सगळ्यांत जास्त, तो जिंकला.

सगळ्यांत पुढे होता ब्रॅड व्हिटकोम. स्वतःच्या खिशातून पाण्यासारखा पैसा ओतत होता. त्याला कॉग्ज हार्बरचे, म्हणजे इथल्या बंदराचे, जुने मासेमारीचे धक्के मोडून तिथे हॉटेलं आणि श्रीमंतांच्या नौका आणायच्या होत्या, आणि हे तो लपवतही नव्हता. त्याच्यामागे जेमतेम चार टक्क्यांवर क्लेअर डॅनफर्थ होती. राज्याच्या सिनेटमधली, हुशार, उपनगरांत लोकप्रिय. आणि तिसऱ्या नंबरावर, बरीच मागे, लिनोची थोरली बहीण.

हिशेब शाळेतल्या पोरालाही कळला असता. ओडिलिया बाजूला झाली, तर तिची मतं डॅनफर्थकडे जाणार, आणि व्हिटकोम पडणार. नाही झाली, तर तीन-चारशे गोदी कामगारांना व्हिटकोमच्या हॉटेलांत सामान उचलायला जावं लागणार. ते कामगार लिनोचे होते. रोज सकाळी त्यांची तोंडं त्याला दिसत होती.

जेवणं झाली. सुकवलेल्या कॉड माशाची ताटं रिकामी झाली, गोड पावाचे तुकडे पोरांच्या हातात गेले. शॉनेसीने तोंड पुसलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"ओडिलिया, मी आडपडदा ठेवत नाही. काल तिघांनी माघार घेतली. तिघांनीही क्लेअरला पाठिंबा दिला. आता मधे तुम्ही आहात."

"मधे कशाच्या?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे, टेरी. पण इथे माझी माणसं बसली आहेत. त्यांना ऐकू दे."

शॉनेसीने मांडवाखालच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. बहुतेक बायका कारखान्यातल्या होत्या. रविवारचे कपडे, कानांत सोनं, हातांना कितीही धुतले तरी न जाणारा मासळीचा बारीक वास. तो अवघडला. "क्लेअरच्या वाटेत," तो म्हणाला. "तुम्ही व्हिटकोमच्या विरोधातली मतं फोडताय. वर्तमानपत्रवाले तुम्हाला काय म्हणतात, वाचलंत ना?"

"मतं खाणारी बाई." ओडिलियाने शांतपणे सांगितलं. "मला तो शब्द फार आवडला. जन्मभर मी खाल्लं ते काय आणि लोक म्हणतात काय! पण मला सांगा, ती मतं क्लेअरच्या ताटातली होती का, की मी जाऊन उचलून खाल्ली?"

"ओडी, शब्दांत खेळू नकोस," लिनो म्हणाला. इतका वेळ तो उभाच होता. "आकडा बघ. चौदा टक्के. चौदाचे चोवीस होणार आहेत का आठ दिवसांत?"

"नाही."

"मग?"

"मग काय? चौदा टक्के म्हणजे माणसं नाहीत?"

टेबलाच्या टोकाला त्यांची आई बसली होती. देओलिंदाबाईंना ऐकू कमी यायचं. पण घरातलं भांडण त्यांना दोन खोल्यांपलीकडूनही ऐकू यायचं. त्यांनी काठी जमिनीवर टेकली.

"ओडिलिया, भाऊ सांगतोय ते ऐक. तुझ्या बापालाही असेच लोक सांगायला आले होते. याच टेबलाशी बसले होते, मीच त्यांना जेवू घातलं. त्याने ऐकलं. युनियनच्या अध्यक्षपदाचा अर्ज मागे घेतला. संप मिटला, आणि आपल्या घरात पुन्हा पगार यायला लागला. अब्रू राहिली आणि पोटही भरलं."

"पोट भरलं, मांय," ओडिलिया म्हणाली. "पण त्यानंतर तो धक्क्यावर कधी पुढच्या दाराने गेला का? मासळीच्या गाड्या येतात त्या मागच्या गल्लीने जायचा. मी सोबत असायची. मला विचारलंस तर सांगेन."

हे लिनोला माहीत नव्हतं. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. बापाने धोरणीपणाने माघार घेतली, असंच त्याने आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं, युनियनच्या भाषणांतसुद्धा.

पण कामगारांची तोंडं पुन्हा डोळ्यांसमोर आली. तो हट्टाला पेटला. "बापाचं सोड. इनेशला विचार. तुझा प्रचार तीच चालवते. तिला विचार, खरं काय ते."

ओडिलियाची मुलगी इनेश दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. वसंत ऋतूपासून ती घरोघर फिरली होती. उन्हाने नाक सोललं होतं. तिने आईकडे न पाहता सांगितलं, "मांय, मला वाटतं आपण थांबावं."

लिनोने पुतळ्यासारखी बसलेली आपली बहीण पाहिली. त्याला जिंकायचं होतं. पण अशा रीतीने, तिच्याच पोरीच्या तोंडून नव्हे.

"कधीपासून वाटतं?" ओडिलियाने विचारलं.

"गुरुवारपासून. व्हिटकोम आला तर इथलं काहीच उरणार नाही. मग आपण कशासाठी उभे होतो? मी तुझी मुलगी आहे म्हणून खोटं बोलू का?"

"नको. खोटं नको बोलूस." ओडिलियाने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "गुरुवारपासून मनात ठेवून पत्रकं वाटत होतीस. पाय दुखले असतील."

इनेशच्या डोळ्यांत पाणी आलं. शॉनेसीला वाटलं, काम झालं. त्याने खिशातून फोन काढला. "मी क्लेअरच्या कार्यालयाला कळवतो. उद्या सकाळी दोघींची एकत्र..."

"थांबा हं, जरा," कुणीतरी म्हणालं.

ती फिलिपा होती. लिनोची मुलगी, तोमाशची आई. कारखान्यात बर्फाच्या विभागात कामाला. राजकारणाच्या गप्पा सुरू झाल्या की उठून भांडी घासायला जाणारी. ती हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली होती.

"मी मत दिलंय," ती म्हणाली. "पोस्टाने. बाळंतपणामुळे रांगेत उभं राहायला नको म्हणून. तियाला दिलंय." तिने आत्याकडे मान वळवली. "तिया आता बसली, तर माझ्या मताचं काय होणार?"

शॉनेसी म्हणाला, "नाव तर मतपत्रिकेवर छापलेलं राहतंच. ते मत मोजलं जाईल, पण—"

"पण कचऱ्यात जाईल."

"तसं नाही म्हणता येणार."

"मग कसं म्हणता येईल?" फिलिपाने मांडवाकडे वळून विचारलं, "अजून कुणी पोस्टाने दिलंय?"

आधी एक हात वर झाला. मग दोन. मग त्या टेबलावरच्या जवळजवळ सगळ्याच बायकांचे. कारखान्यात दोन पाळ्यांत काम करणारी माणसं मंगळवारी रांगेत कशाला उभी राहतील? त्यांनी केव्हाच लिफाफे टाकले होते. लिनोने पाहिलं, ग्रासानेही पळी टेकवून हात वर केला होता.

"तूसुद्धा?" तो पुटपुटला.

"तू विचारलंस कधी?"

ओडिलिया वर झालेल्या हातांकडे बघत राहिली. मग तिने बाळ फिलिपाच्या हवाली केलं आणि शॉनेसीला म्हणाली, "तो फोन काढलाच आहे तर लावा क्लेअरला. कार्यालयाला नको. तिला."

"आत्ता?"

"माझ्या भावाच्या घरी माणूस पाठवायला तिला रविवार चालतो, तर माझ्याशी बोलायलाही चालेल."

फोन लागला. शॉनेसीने तो टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. डॅनफर्थचा आवाज गोड होता, समजूतदार होता. ओडिलियाबद्दल आपल्याला किती आदर वाटतो, हे तिने आधी सांगितलं. ओडिलियाने ते पूर्ण होऊ दिलं.

"क्लेअर, मी एकच गोष्ट मागते. मला पद नको, समिती नको. उद्या सकाळी आमच्या धक्क्यावर ये. माझ्या शेजारी उभी राहा आणि एका वाक्यात सांग: मासेमारीचा धक्का मी विकू देणार नाही. एवढं म्हण. तिथल्या तिथे मी माघार घेते, आणि ज्यांनी अजून मत दिलं नाही त्यांच्या दारोदार तुझ्यासाठी फिरते. माझी मुलगी साक्षीला आहे."

लिनो फोनकडे वाकला. म्हण बाई, तो मनात म्हणत होता. एक वाक्य. म्हणून टाक.

"ओडिलिया, तुमची भावना मला पूर्ण कळते," डॅनफर्थ म्हणाली. "पण मतदान तोंडावर आलंय. उपनगरांतल्या बऱ्याच लोकांना बंदराचा विकास हवा आहे. मी आत्ता एका बाजूने बोलले, तर ती मंडळी थेट ब्रॅडकडे जातील. आधी निवडून येऊ या. मग सगळ्यांना बरोबर घेऊन बसू. एक अभ्यासगट नेमू, त्यात तुम्ही असालच."

"म्हणजे नाही."

"म्हणजे आत्ता नाही."

"बरं. रविवार चांगला जावो," ओडिलिया म्हणाली आणि तिने स्वतःच फोन बंद केला. मग ती शॉनेसीकडे वळली. "मी तिच्या वाटेत उभी आहे असं म्हणत होतात ना? मी माझ्या जागी उभी आहे. तिला इथून जायचंच नाहीये. गोड पाव बांधून देते, बायकोला न्या."

शॉनेसी गेला. मंडळीही हळूहळू पांगली. लिनो स्वयंपाकघरात गेला तेव्हा ओडिलिया बाह्या सारून भांडी घासत होती. पाहुणी बहीण भांडी घासतेय म्हणून ग्रासा बाहेर कुरकुरत होती.

"ती राजकारणी बाई आहे," लिनो म्हणाला. "निवडणुकीआधी असं उघड नाहीच बोलत कुणी. आधी जिंकावं लागतं, ओडी."

"तूही युनियनमध्ये असंच करतोस? आधी निवडून येतो, मग सांगतो काय करणार ते?"

"माझ्या लोकांची पोटं आहेत!"

"आणि माझ्या लोकांना काय, पोटाच्या जागी पोतं आहे?" तिने पातेलं आपटलं. "मला आकडे कळत नाहीत असं वाटतं तुला? रोज पहाटे उठून तेच बघते मी. तो जिंकेल कदाचित. माझ्यामुळे जिंकेल, असं म्हणतील. मला झोप येते असं वाटतं?"

"मग का?"

तिने नळ बंद केला. "कारण प्रत्येक वेळी आम्हीच बसायचं असतं, लिनो. वेगवेगळी कारणं असतात आणि सगळी चांगली असतात. या वेळी व्हिटकोम. मागच्या वेळी दुसरा कुणी. बापाच्या वेळी तिसराच. आम्ही बसलो की सगळे म्हणतात, किती समंजस. आणि धक्क्याबद्दल बोलायची वेळ आली की त्या खोलीत आमचं कुणीच नसतं."

लिनोच्या कपाळाची शीर उडाली. "उद्या युनियन डॅनफर्थला पाठिंबा जाहीर करणार. मी स्वतः जाऊन करणार."

"कर."

"आणि तो जिंकला ना, तर या घरात पाय ठेवू नकोस."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, हे परत घेता आलं तर बरं. पण मागे घेणं हेच तर त्या दिवशी कुणाला जमत नव्हतं. ओडिलियाने हात पुसले, बाळाच्या कपाळावर ओठ टेकवले आणि ती फाटकातून निघून गेली. इनेश तिच्यामागून धावली. लिनोने खिडकीतून पाहिलं. दोघी गाडीशी बराच वेळ बोलत होत्या. मग इनेशने मागच्या बाजूला जाऊन पत्रकांचा गठ्ठा बाहेर काढला आणि काखेत मारून रस्त्याला लागली. तिचं मत बदललं नव्हतं. आईचं बरोबर होतं, हे तिने पुढे कित्येक वर्षांनीही कबूल केलं नाही. पण त्या संध्याकाळी ती उरलेल्या घरांना जाऊन आली.

मंगळवारी व्हिटकोम जिंकला. डॅनफर्थपेक्षा सव्वीसशे मतं जास्त. ओडिलियाला नऊ हजारांच्या वर मिळाली होती. आता हिशेब करायला कुणाला शाळेतही जायची गरज नव्हती. रेडिओवर तिचं नाव घेऊन लोक बोलत होते. कुणीतरी तिच्या दारावर मासळीचा कचरा टाकून गेलं. धक्क्यावर लिनोला भेटलेला पहिला माणूस म्हणाला, "तुझ्या बहिणीने बुडवलं." लिनो म्हणाला, "हो." दुसरा म्हणाला, तेव्हाही तो "हो" म्हणाला. तिसऱ्याने बहिणीला शिवी दिली, तेव्हा लिनोने त्याची कॉलर धरली आणि मग स्वतःच गोंधळून सोडून दिली.

गुरुवारी सकाळी पक्षाचा एकजुटीचा नाश्ता होता. प्रत्येक निवडणुकीनंतर असतो. बंदराजवळच्या हॉटेलात अंडी, कॉफी आणि मंच. हरलेले सगळे विजेत्याशेजारी उभे राहतात, हात गुंफून वर करतात, फोटो निघतो. युनियनचा अध्यक्ष म्हणून लिनोची जागा मंचावर, डॅनफर्थच्या शेजारी होती. त्याला वाटलं होतं, ती रडवेली असेल, संतापलेली असेल. ती ताजीतवानी होती.

ओडिलिया आली होती. सगळ्यात मागे, दाराजवळ, कुणीही न बसलेल्या टेबलाशी उभी होती. आसपासची माणसं तिच्याकडे पाठ करून कॉफी पीत होती. ती भिंतीला टेकली नव्हती.

शॉनेसीने ध्वनिक्षेपक घेतला. आपल्या पक्षात मतभेद असतात, मनभेद नसतात, असं म्हणाला. अकरा दिवसांपूर्वी लिनोच्या मांडवाखाली याच माणसाने व्हिटकोमला थांबवायला हवं म्हणून हात जोडले होते. आता तो व्हिटकोमला "आपला ब्रॅड" म्हणत होता. मग डॅनफर्थ बोलली. ब्रॅडने बंदरासाठी जी दृष्टी मांडली, तिच्यात खूप काही चांगलं आहे, असं ती म्हणाली. आपण सगळे मिळून ती अधिक सर्वसमावेशक करू. एक अभ्यासगट नेमू.

टाळ्या पडल्या. लिनोने टाळ्या वाजवल्या नाहीत; पण हातही कुठे ठेवावेत हे त्याला सुचेना. एक वाक्य, त्याला आठवलं. त्या एका वाक्यासाठी हिला वेळ नव्हता. आणि हे सगळं आता ती न अडखळता बोलून गेली.

"आणि आपल्या ओडिलिया बेटनकोर्ट!" शॉनेसी मोठ्या मनाने म्हणाला. "या, वर या. झालं गेलं विसरू या."

सगळ्या माना मागे वळल्या. ओडिलिया जागची हलली नाही.

"माझा हात इथेच बरा आहे, टेरी," ती म्हणाली. तिला ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती. कारखान्यातल्या यंत्रांवर मात करत बोलायची सवय होती तिला. "अकरा दिवसांपूर्वी हा माणूस बंदर बुडवणार म्हणून मला बसायला सांगत होतात. नऊ हजार लोकांनी मला बसू नको म्हणून सांगितलं. मी त्यांच्याकडे जाते. तुम्ही फोटो काढा."

कुजबुज झाली. कुणीतरी "लाज वाटत नाही" असंही म्हणालं. शॉनेसीने हसून खूण केली. मंचावरच्यांनी एकमेकांचे हात धरायला सुरुवात केली. व्हिटकोमने डॅनफर्थचा धरला. डॅनफर्थने लिनोचं मनगट पकडलं. तिची बोटं मऊ आणि थंड होती.

लिनोने हात खेचून घेतला.

"काय झालं?" तिने हसरा चेहरा न बदलता विचारलं.

तो मंचाच्या तीन पायऱ्या उतरला. टेबलांच्या मधून चालताना त्याला आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येत होता. एका टेबलाशी त्याचेच दोन कामगार बसले होते. ते त्याच्याकडे पाहत राहिले, मग त्यांतला एक कॉफी खाली ठेवून उठला. लिनो दारापर्यंत पोचला आणि बहिणीच्या शेजारी उभा राहिला. दोघंही मंचाकडे बघत होते. एकमेकांकडे नाही.

"अजून राग आहे माझा तुझ्यावर," तो म्हणाला.

"असू दे."

"तू बसली असतीस तर तो पडला असता."

"कदाचित. आणि मग इथे आज ती उभी असती आणि अभ्यासगट नेमला असता. किंवा नसता. मला माहीत नाही, लिनो. खरंच माहीत नाही."

"पुढच्या आठवड्यात नगरपरिषदेत धक्क्याचा विषय येतोय ना?"

"येतोय."

"मग माझी माणसं आणतो."

"त्यांना माझा राग आहे."

"रागावलेलीच आणतो. आवाज जास्त निघतो."

मंचावर लिनोच्या जागी एक रिकामी फट पडली होती. डॅनफर्थचा एक हात हवेत तसाच लोंबत होता आणि फोटोवाला डोकं खाजवत होता. शॉनेसीने ध्वनिक्षेपकावरून हाक मारली, "लिनो! अहो, तुमचा फोटो राहिला! या ना, दोन सेकंदांचं काम आहे!"

लिनोने बहिणीसाठी दार उघडलं, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "नोंद करून घे, टेरी. मी माघार घेतली!"